पट्टे शेवटी बघा: सारख्या दिसणाऱ्या सिरफिड माश्या ओळखण्याची एक पद्धत

धन्याच्या वाफ्याला पांढरा फुलोरा आला की त्यावर एक पिवळी-काळी पट्टेरी माशी हवेत खिळा मारल्यासारखी एका जागी थांबलेली दिसते. आपण पुढे सरकलो की ती वीतभर बाजूला जाते आणि पुन्हा तशीच थांबते. ही सिरफिड माशी, म्हणजेच हॉवरफ्लाय. शेतकऱ्यांना ती मित्रकीटक म्हणून माहीत असते, कारण तिच्या कितीतरी जातींच्या अळ्या मावा खाऊन वाढतात. करडईवर किंवा मोहरीवर मावा पडला की त्याच गर्दीत पाय नसलेली, हिरवट-पांढुरकी, पुढच्या टोकाला निमुळती अळी चाचपडताना दिसते. ती बहुधा हिचीच असते.

पण हिची म्हणजे नेमकी कोणाची? जगात सिरफिड माश्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि आपल्या परसातल्या एका वाफ्यावरही एका सकाळी तीन-चार जाती सहज येतात. त्या सगळ्या पिवळ्या, सगळ्या पट्टेरी. मी सुरुवातीला फोटो काढून पोटावरचे पट्टे पुस्तकातल्या चित्रांशी जुळवत बसायचो. त्यात एक अख्खा हिवाळा गेला आणि नंतर तपासलं तेव्हा निम्म्या नोंदी चुकीच्या निघाल्या. चूक नजरेची नव्हती, बघण्याच्या क्रमाची होती. पट्टे आधी डोळ्यांत भरतात आणि तेच सर्वांत जास्त फसवतात.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे एपिसिर्फस बाल्टिएटस. युरोपापासून भारतापर्यंत आणि त्याही पलीकडे आढळणारी ही माशी. तिच्या पोटावर काळा रंग किती चढेल हे कोशावस्थेतल्या तापमानावर अवलंबून असतं. कोश थंडीत वाढला तर माशी गडद होते, उबेत वाढला तर केशरी-पिवळी. म्हणजे एकाच आईची दोन पोरं, एक जानेवारीतलं आणि एक मार्चमधलं, शेजारी ठेवली तर वेगवेगळ्या जातींची वाटू शकतात. त्यात नुकतीच कोशातून बाहेर आलेली माशी काही तास फिकीच असते. म्हणून माझा क्रम असा ठरला आहे: आधी पंख, मग डोळे, मग छातीची कड, मग मागचा पाय आणि सगळ्यात शेवटी पट्टे.

काय लागेल

सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, फोनवर लावायची मॅक्रो लेन्स आणि एक पारदर्शक डबी किंवा रुंद तोंडाची काचेची नळी. एवढ्यात भागतं.

फोटो मात्र एक काढून चालत नाही. निदान पाच लागतात: वरून, बाजूनं, समोरून चेहऱ्याचा, पंख पसरलेला असताना पंखाचा आणि मागच्या पायाचा. बहुतेक जणांकडे फक्त वरून काढलेला फोटो असतो, आणि आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर असंख्य नोंदी नावाविना अडकून पडतात त्या यामुळेच. बाजूचा फोटो सर्वांत मोलाचा. छातीची कड, पायांचे रंग आणि चेहऱ्याची ठेवण, तिन्ही त्यातच मिळतात. उन्हात पिवळा रंग फोटोत पांढरा पडतो, म्हणून प्रकाश थोडा कमी करून घ्या. सकाळी ऊन तापायच्या आत गेलात तर माश्या सुस्त असतात.

माशी हलतच राहिली तर डबीत घ्या आणि डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सात-आठ मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये कधीही नाही. गारठलेली माशी मिनिटभर शांत बसते, तेवढ्यात भिंगाखाली सगळं बघून होतं. मग तिला उन्हात फुलावर सोडा, थोड्याच वेळात ती उडून जाते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असाल तर हे करू नका. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाहीत.

पहिली पायरी: ही सिरफिड आहे का?

मधमाशी आणि गांधीलमाशीपासून ती वेगळी काढणं सोपं आहे. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे असतात, उडताना तोल सांभाळणारे. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात. हिच्या आखूड, आणि बहुतेक जातींत त्यांच्या शेवटच्या पेरावर एक केस असतो. डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात.

खरा घोटाळा फळमाशीशी होतो. आंबा-पेरूवरची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हीसुद्धा मधमाशीहून लहान, पिवळ्या खुणांची आणि एकाच पंखजोडीची. छातीच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे आणि छातीच्या मागच्या टोकाची अर्धचंद्राकृती ढालही पिवळी. अगदी याच दोन खुणा आपल्या काही सिरफिड माश्यांवरही असतात! मित्राला शत्रू समजून फवारणी व्हायला एवढं पुरतं, म्हणून इथं थोडं रेंगाळूया.

फळमाशी हवेत स्थिर थांबत नाही. ती फळावर किंवा पानावर चालते, बऱ्याचदा पंख बाजूला पसरून. डॉर्सॅलिसच्या चेहऱ्यावर दोन काळे ठिपके असतात, पोटावर काळी खूण बहुधा इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते, आणि मादीच्या पोटाचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, कारण तिला फळाच्या सालीत अंडी घालायची असतात. सिरफिड मादीला असं टोक नसतं.

तरीही शंका उरली तर पंख बघा, तिथं वाद मिटतो. सिरफिडच्या पंखाच्या मधोमध, दोन लांब शिरांच्या मध्ये, एक खोटी शीर असते. ती घडीसारखी दिसते, कुठून निघत नाही आणि कुठे मिळतही नाही. पंख प्रकाशासमोर धरला की ती अर्धवट पुसलेल्या पेन्सिलच्या रेघेसारखी जाणवते. मोजक्या जातींत ती फार पुसट असते, बाकी जवळजवळ सगळ्या सिरफिड माश्यांत असते. दुसरी खूण पंखाच्या मागच्या कडेजवळ: तिथल्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत, अलीकडेच वळून कडेला समांतर धावतात. त्यामुळे पंखाला आतून दुसरी किनार शिवल्यासारखी दिसते. फळमाशीच्या पंखात यातलं काहीच नसतं.

दुसरी पायरी: नर की मादी?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढच्या कित्येक खुणा एकाच लिंगाला लागू पडतात. बहुतेक जातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मादीच्या डोळ्यांमध्ये स्पष्ट पट्टी असते. हेलोफिलससारख्या काही प्रजातींत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, नराचेही डोळे वेगळे राहतात, तेव्हा पोटाचं टोक बघा. नराचं खालून गोलसर, फुगीर आणि एका बाजूला दुमडलेलं असतं.

आधी लिंग ठरवलं नाही तर काय होतं, याचं नेमकं उदाहरण युरोपात आहे. तिकडे राहणाऱ्या वाचकांच्या बागेत ते रोज दिसेल. सिर्फस रिबेसाय आणि सिर्फस व्हिट्रिपेनिस या दोन जाती वरून हुबेहूब सारख्या. मादी असेल तर मागची मांडी बघायची. रिबेसायची पूर्ण पिवळी असते, व्हिट्रिपेनिसची मुळापासून बऱ्याच लांबीपर्यंत काळी. नरांना ही खूण लागू पडत नाही, दोघांचीही मांडी बरीचशी काळी असते. तिथं पंखाच्या मुळाजवळची एक पेशी, म्हणजे शिरांनी वेढलेला कप्पा, भिंगातून तपासावी लागते. रिबेसायमध्ये ती बारीक लवीनं पूर्ण भरलेली असते, व्हिट्रिपेनिसमध्ये लव नसलेले मोकळे तुकडे सापडतात. याच गटातल्या सिर्फस टॉर्व्हसच्या डोळ्यांवर केस असतात, नरात ठळक आणि मादीत विरळ. नर आहे हे न बघता मांडीवरून नाव दिलं तर ती नोंद निव्वळ अंदाज ठरते.

तिसरी पायरी: पंखातली झोळी

पंखाच्या टोकाकडे जाणारी, खोट्या शिरेच्या लगेच वरची लांब शीर शोधा. ती साधारण सरळ गेली किंवा किंचित वाकली, तर आपल्याकडच्या बागेत तुमची माशी बहुधा मावाखाऊ अळ्यांच्या गटातली आहे. ती शीर मध्येच खाली झोळीसारखी लोंबली असेल तर माशी एरिस्टॅलिसच्या गोतावळ्यातली. यांच्या अळ्या घाण, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि शेपटीसारख्या लांब नळीनं श्वास घेतात. आपल्याकडे गटारापाशी, शेणाच्या खड्ड्यापाशी आणि नंतर झेंडूवर दिसणाऱ्या जाडजूड माश्या या गटातल्या असतात.

झोळी सापडली की लगेच पंखाची पुढची कड बघा. कडेजवळच्या दोन शिरा कडेला पोचण्याआधीच एकमेकींना मिळाल्या तर तिथली पेशी बंद. दोन्ही वेगवेगळ्या कडेपर्यंत गेल्या तर उघडी. एरिस्टॅलिस, एरिस्टॅलिनस आणि फायटोमिया यांच्यात ती बंद असते, मेसेम्ब्रियस आणि हेलोफिलस यांच्यात उघडी. माझ्या मते या सगळ्या गटात यापेक्षा भरवशाची खूण नाही. तिच्यावर ऋतूचा, तापमानाचा किंवा माशीच्या वयाचा परिणाम होत नाही.

चौथी पायरी: डोळे

आता झोळीवाल्या गटातली आपल्याकडची सर्वांत घोटाळ्याची जोडी घेऊ: एरिस्टॅलिनस आर्व्होरम आणि मेसेम्ब्रियसच्या जाती. दोघींच्याही छातीवर उभ्या फिक्या रेघा, पोट पिवळं-काळं, आकारही जवळपास सारखा. पण आर्व्होरमच्या फिकट डोळ्यांवर गडद ठिपके शिंपडलेले असतात, मेसेम्ब्रियसचे डोळे एकरंगी. ठिपके दिसले नाहीत म्हणून लगेच मेसेम्ब्रियस म्हणू नका, कारण फ्लॅशची चमक डोळ्यावर पडली की ठिपके फोटोत विरून जातात. पंखातली पेशी बघा. बंद असेल आणि ठिपकेही दिसले तर एरिस्टॅलिनस, उघडी असेल तर दुसरी. दोन खुणा एकच उत्तर देतात तेव्हाच नाव लिहावं.

एरिस्टॅलिनस प्रजातीतल्या सगळ्यांना ठिपके असतात असंही नाही. एरिस्टॅलिनस टीनिऑप्स या जातीच्या डोळ्यांवर उभे पट्टे असतात, तिच्या नावाचा अर्थच पट्टेरी डोळ्यांची. आर्व्होरमच्या काळ्या छातीवर फिक्या रेघा पाच असतात. त्या मोजाच, कारण नुसतं रेघा आहेत लिहिलेली नोंद पुढे तपासायची म्हटलं तर निरुपयोगी ठरते.

डोळ्यांवरचे केस ही वेगळीच खूण आहे आणि ती फोटोत सहज सुटते. युरोपातल्या दोन ठिपकेदार जाती फक्त एवढ्यावरून वेगळ्या होतात: एरिस्टॅलिनस सेपल्क्रॅलिसचा सगळा डोळा केसाळ असतो, तर एनिअसचा फक्त वरचा भाग. आपल्याकडे ही खूण पॅरागस या चिमुकल्या काळपट माश्यांमध्ये कामी येते. लांबीला जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असल्यानं लोक त्यांना माशी म्हणून मोजतसुद्धा नाहीत. त्यांच्या एका उपगटात डोळ्यांवरचे पांढरे केस उभ्या पट्ट्यांमध्ये लागलेले असतात, दुसऱ्यात सगळीकडे सारखे पसरलेले. भिंगातून ते पट्टे पहिल्यांदा दिसले की माणूस पॅरागस विसरत नाही. पॅरागस सेरॅटसच्या छातीमागच्या ढालीची कड करवतीसारखी दातेरी असते आणि जातीचं नाव त्यावरूनच पडलं आहे.

आणि एरिस्टॅलिस टेनॅक्स. ही तर मधमाशीची सहीसही नक्कल, जगभर पसरलेली, भारतातही आढळणारी. चेहऱ्याच्या मधोमध रुंद काळा पट्टा, डोळ्यांवर गडद केसांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि मागची पोटरी जाड, वाकडी, केसाळ. डोळ्यांवरच्या त्या दोन पट्ट्या दिसल्या की पुढे बघायची गरज उरत नाही.

पाचवी पायरी: छातीची कड

आता झोळी नसलेल्या, बारीक पिवळ्या माश्यांकडे. धने, बडीशेप, मोहरी, एकदांडी यांच्यावर गर्दी करतात त्या या, आणि सर्वाधिक गोंधळही इथंच होतो. यांच्यासाठी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा: छातीच्या दोन्ही कडांना, पंखाच्या वरच्या बाजूला, आखून काढल्यासारखा ठळक पिवळा पट्टा आहे का?

इस्किओडॉन स्कुटेलॅरिसला असतो. स्फेरोफोरियाला असतो, पण काही जातींत पूर्ण आणि काहींत पंखाच्या मुळापाशी तुटलेला. एपिसिर्फस बाल्टिएटसची छाती काळपट-ब्राँझ रंगाची, तिच्यावर करड्या पुसट उभ्या रेघा, आणि कडेला असा कोरीव पिवळा पट्टा नाही. या एका खुणेवर गठ्ठ्याचे दोन ढीग पडतात. पट्टा बाजूनंच नीट दिसतो. वरून काढलेल्या फोटोत पंखाची सावली त्याच्यावर पडते आणि नेमकी हीच खूण झाकली जाते.

पट्टा नसलेल्यांमध्ये बाल्टिएटस ओळखायला आता पोटाकडे जायला हरकत नाही. तिच्या पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर दोन-दोन काळ्या रेघा असतात. मागच्या कडेला जाड पट्टा आणि त्याच्या पुढे एक बारीक रेघ, कोरलेल्या मिशीसारखी. थंडीत ती मिशी जाड होते, उन्हाळ्यात बारीक होते, पण जागा बदलत नाही. पट्टे बघायचे तर असे: रंग किती यापेक्षा रेघ कुठे. हिच्याशी गोंधळ होतो तो असार्किनाचा. तीही केशरी-पिवळी आणि पट्टेरी, पण तिचं पोट पानासारखं रुंद आणि चपटं असतं आणि मधली ती मिशी नसते.

सहावी पायरी: मागचा पाय

पट्टा असलेल्या ढिगात इस्किओडॉन आणि स्फेरोफोरिया उरतात. नर असतील तर काम सोपं. स्फेरोफोरियाच्या नराचं पोट काडीसारखं सडपातळ, दोन्ही बाजू समांतर, आणि टोकाला गोटीसारखा फुगीर गोळा. स्फेरोफोरिया स्क्रिप्टाच्या नराचं पोट तर मिटलेल्या पंखांच्याही बाहेर डोकावतं. इस्किओडॉनच्या नराचं पोट लांबट अंडाकृती असतं आणि त्याच्या मागच्या मांडीच्या मुळाशी जो छोटा सांधा असतो, त्याच्यावर एक लांब, बोटासारखा काटा असतो. खालून किंवा तिरक्या बाजूनं भिंग धरलं की तो दिसतो. आपल्या बागेतल्या दुसऱ्या कोणत्याही पिवळ्या सिरफिड माशीत मी हा काटा पाहिलेला नाही.

माद्यांत काटाही नाही आणि गोळाही नाही. इस्किओडॉनच्या मादीचं पोट जास्त रुंद असतं आणि तिसऱ्या-चौथ्या खंडावरचे पिवळे पट्टे कमानीसारखे वळलेले असतात. स्फेरोफोरियाची मादी एकंदर सडपातळ. पण स्फेरोफोरियाच्या माद्यांना जातीपर्यंत नाव देण्याच्या फंदात पडू नका. नरांमध्येसुद्धा जननेंद्रियं तपासल्याशिवाय जात खात्रीनं सांगता येत नाही, माद्यांच्या फोटोवरून तर जवळजवळ अशक्यच.

मागच्या पायावरून लगेच कळणारी आणखी एक जोडी आहे, सिरिट्टा आणि युमेरस. दोघींच्याही मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या. सिरिट्टा अंगानं सडपातळ, छातीच्या बाजू करड्या-चंदेरी धुळीनं माखल्यासारख्या. युमेरस ठेंगणी आणि दणकट, पोटावर पांढऱ्या तिरक्या कोरींच्या जोड्या.

नाव कुठे थांबवायचं

वैज्ञानिक नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पहिल्या शब्दावर थांबलेली नोंद अपुरी नसते. स्फेरोफोरिया, मादी, धन्याच्या फुलावर, एवढं लिहिलं आणि सोबत पाच फोटो ठेवले, तर पुढे कोणी जाणकार ते तपासू शकतो. अंदाजानं दुसरा शब्द जोडला तर तो तपासायला कोणी फिरकत नाही आणि चूक तशीच पुढे जाते. जुन्या यादीशी ताडून बघताना नावं बदललेली असतात हेही ध्यानात ठेवा. एरिस्टॅलिनसमधल्या बऱ्याच जाती आधी एरिस्टॅलिस म्हणून नोंदल्या जात, आणि बाल्टिएटसही पूर्वी सिर्फस होती.

नोंदीत तारीख, वेळ, फूल आणि आसपास मावा होता का, हे लिहा. त्या दिवसांत थंडी कितपत होती तेही लिहा. गडद बाल्टिएटस सापडली तर हीच ओळ उपयोगी पडते.

एकदा सगळं करून बघू

जानेवारीतली सकाळ, धन्याचा वाफा, दहा मिलिमीटरच्या आसपासची पिवळी पट्टेरी माशी. डबीत घेऊन गारठवली. पंखांची एकच जोडी, मध्ये खोटी शीर, मागच्या कडेला आतली किनार: सिरफिड. डोळे वर चिकटलेले: नर. लांब शीर सरळ, झोळी नाही. डोळे एकरंगी, त्यावर केस नाहीत. बाजूनं बघितलं तर छातीच्या कडेला लख्ख पिवळा पट्टा, म्हणजे बाल्टिएटस बाद. पोट अंडाकृती, टोकाला गोटी नाही, म्हणजे स्फेरोफोरियाही बहुधा नाही. मग डबी हळूच उलटी केली, मागचा पाय मुळापाशी भिंगात आणला. बोटासारखा काटा. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस, नर. हे सगळं झाल्यावर पोटावरचे पट्टे बघितले, तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर कमानी होत्याच. झाकण काढून डबी धन्याच्या फुलांशी धरली. त्यानं पुढचे पाय एकमेकांवर घासले, दोनदा पंख थरथरवले आणि वाफ्यावर जाऊन थांबला.